आधी नख फिरवा, मग रंगाचं बोला

आमच्या सोसायटीच्या पार्किंगला लागून एक शेवगा आहे. मी पहिल्यांदा घरी गाडी रंगवली ती त्याच्याच सावलीत, फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी. बोनेटवर सिल्व्हरचा तिसरा हात मारून होतोय तोच वाऱ्याची झुळूक आली आणि ओल्या रंगावर पंधरा-वीस फुलं अलगद येऊन बसली. चिमट्याने एकेक उचललं, पण प्रत्येकाखाली त्याचा ठसा राहिलाच. संध्याकाळी शेजारचे काका खाली आले. "अहो, माझ्या स्कूटरला ही चांदीची पुरळ कसली?" त्यांची स्कूटर माझ्यापासून चार गाड्या पलीकडे उभी होती. हवेतून उडालेला रंग तिथवर गेला होता. पुढचे दोन रविवार त्यांच्या स्कूटरवर क्ले बार घासण्यात गेले. बोनेट शेवटी गॅरेजलाच दिलं, आणि तिथे आधी माझा रंग उतरवण्याचे पैसे वेगळे मोजले.

तरी घरी रंगकाम करूच नका, असं मी म्हणणार नाही. त्यानंतर त्याच गाडीची टिचक्या-ओरखड्यांची दोन-तीन कामं मी घरी केली आणि ती आज कुठे केली होती हे मलाही शोधावं लागतं. फरक एवढाच की पहिल्या वेळी मी प्रश्न चुकीचा विचारला होता. 'घरी किती वाचतील?' हा तो प्रश्न. विचारायला हवं होतं ते हे, की मार नेमक्या कोणत्या थरापर्यंत गेलाय?

कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचा एकच थर नसतो. पत्रा धुऊन त्याला फॉस्फेटची प्रक्रिया देतात. मग अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या जोरावर त्यावर एक थर चढवतात. हा ई-कोट. कानाकोपऱ्यात, दाराच्या पोकळीत, जिथे कुणाची स्प्रे गन पोचणार नाही तिथेही तो पोचतो, आणि गंजाला अडवणारा खरा पहारेकरी तोच. त्यावर प्रायमर, प्रायमरवर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी भरते साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे डोक्याचे दीड-दोन केस एकावर एक ठेवल्याएवढी. त्यातला 'रंग' म्हणावा असा भाग जेमतेम १५-२० मायक्रॉनचा. आपण जिला रंगाची चमक म्हणतो ती असते वरच्या क्लिअरची.

हे सगळं कारखान्यात भट्टीत भाजलं जातं, सव्वाशे ते पावणेदोनशे अंशांच्या घरात, कारण तेव्हा आत वायर नसते, सीट नसतं, प्लास्टिक नसतं. तुमची गाडी तयार आहे, त्यामुळे चांगल्यातलं चांगलं गॅरेजही बूथमध्ये साठ अंशांच्या आसपासच तापवणार. आणि ई-कोटचा हौद तर कोणत्याच गॅरेजकडे नसतो. म्हणून माझं पहिलं सांगणं जरा उलटं वाटेल: मूळ रंग जितका टिकवता येईल तितका टिकवा. पाच-सहा ठिकाणी ओरखडे आहेत म्हणून 'एकदाची पूर्ण गाडीच मारून टाकू' हा सल्ला पुष्कळ जण देतात. तो ऐकण्याआधी पुढची तपासणी करा.

गाडी धुवा आणि कोरडी करा. ओरखड्यावर आडवं नख फिरवा. नख अडलं नाही, आणि पाणी शिंपडल्यावर ओरखडा दिसेनासा झाला, तर तो फक्त क्लिअरमध्ये आहे. त्याला रंग लागत नाही, रबिंग लागतं. नख अडलं पण तळाशी गाडीचाच रंग दिसतो, तर क्लिअर फाटलाय आणि बेस शाबूत आहे. तळाशी राखाडी किंवा फिकट पिवळसर दिसलं तर प्रायमर उघडा पडलाय. चकचकीत धातू दिसला तर घाई करा, कारण पाऊस तुमच्या सवडीची वाट बघत नाही. आणि रंगाखाली फुगा आलेला दिसला तर तो ओरखडा नव्हेच. तो आतून आलेला गंज. बाहेर रुपयाएवढा फुगा असेल तर आत पोळीएवढा पत्रा खाल्लेला असू शकतो. रत्नागिरी, मालवणकडच्या गाड्यांच्या चाकांवरच्या कमानी बघा, खाऱ्या हवेने काय होतं ते कळेल. फुग्यावरून नुसता रंग मारणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना लावणं. वर्षभरात तो परत येतो, सोबत भावंडं घेऊन.

क्लिअरमधले ओरखडे घरी काढण्यात कसलंच धाडस नाही. कंपाऊंड, मायक्रोफायबरचं कापड आणि दोन तास पुरतात. फक्त कडांवर, म्हणजे बोनेटच्या धारेवर किंवा दाराच्या उभ्या रेषेवर, जोर लावू नका. तिथे थर मुळातच पातळ असतो आणि एकदा खालचा बेस उघडा पडला की ते काम गॅरेजचंच. कापडाला गाडीचा रंग लागायला लागला तर तिथेच थांबा. याला एक अपवाद आहे. फार जुन्या किंवा स्वस्तात रंगवलेल्या गाडीवर वेगळा क्लिअरच नसतो, रंग आणि चमक एकाच थरात असतात, तिथे कापड रंगणारच.

दगडाचे टिचके हेही घरचं काम. टचअपची बाटली घ्यायची ती 'पांढरा' किंवा 'लाल' सांगून नाही, तर गाडीच्या रंगाच्या कोडवर. हा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बोनेटखालच्या पट्टीवर छापलेला असतो. एका कंपनीच्याही दोन-तीन पांढऱ्या छटा असतात, त्यामुळे कोड लागतोच. बाटलीच्या झाकणातला ब्रश वापरू नका, तो टिचक्यापेक्षा जाड असतो. आगकाडीचं टोक तासून त्याने थेंब सोडा. एका बैठकीत खड्डा भरायचा हट्ट नको. थेंब सुकला की तो बसतो, मग दुसरा, मग तिसरा. पृष्ठभागापेक्षा किंचित वर आला की आठवडाभराने २००० नंबरच्या वॉटर पेपरने हलकं घासून सपाट करा.

आता मधली कामं, म्हणजे जिथे खरा वाद आहे. इथे गाडीचा रंग कोणता, यावर अर्धा निकाल लागतो. साधा पांढरा, साधा लाल, साधा काळा, ज्यात चमचम नाही, हे रंग चुका पोटात घालतात. काळा वळणावर जरा दगा देतो, पण पांढरा फार सोशिक. सिल्व्हर मात्र अजिबात नाही. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. गन किती लांब धरली, हात किती भरभर फिरला, रंग ओला पडला की कोरडा, यावर ते पापुद्रे आडवे निजतात की उभे राहतात हे ठरतं. उभे राहिले की तोच रंग काळपट दिसतो. म्हणून कोड बरोबर, डबा बरोबर, तरी तुमचा तुकडा उन्हात वेगळा उठून दिसतो. पर्ल व्हाइट तर त्याहून नाठाळ, कारण त्यात बेस आणि क्लिअरच्या मध्ये मोत्याचा आणखी एक थर असतो. सिल्व्हर आणि पर्ल घरी फवारू नका. माझं बोनेट सिल्व्हर होतं, त्यामुळे शेवग्याची फुलं पडली नसती तरी मी हरलोच असतो.

साध्या रंगाच्या बंपरचा कोपरा पार्किंगच्या खांबाला घासलाय, हे घरच्या कामाचं उत्तम उदाहरण. बंपर प्लास्टिकचा, त्यामुळे गंजाची भीती नाही. जागा खालची, नजरेच्या रेषेत नाही. आणि बिघडलंच तर गॅरेजला द्यायचा रस्ता मोकळा. यात वेळ कुठे जातो ते बघा. स्प्रेचा डबा हातात घेण्याआधी साबणाने धुणं, मग वॅक्स-ग्रीज रिमूव्हरने पुसणं, एका कापडाने लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्याने टिपायचं. हे पुसणं अनेक जण गाळतात. डॅशबोर्ड चमकवायच्या स्प्रेतलं सिलिकॉन पत्र्यावर उडालेलं असतं. त्यावर रंग पडला की माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात आणि मग कितीही हात मारा, ते बुजत नाहीत. पुसल्यावर त्या जागेला बोटही लावू नका.

मग ३२० नंबरच्या पेपरने खरखरीत कडा उतरवायच्या, खोल ओरखडा असेल तर प्लास्टिकवर चालणारी पुट्टी अगदी पातळ भरायची, ती वाळली की ४०० ने सपाट, ६०० ने गुळगुळीत. कोपरा बरोबर झाला की नाही हे डोळ्यांना विचारू नका, तळव्याला विचारा. उघड्या प्लास्टिकवर ॲडहीजन प्रमोटर मारावा लागतो, नाहीतर पहिल्याच प्रेशर वॉशमध्ये रंगाचं सालपट निघतं. मग प्रायमर, ८०० ने घासणं, पुन्हा पुसणं. एवढं झाल्यावर रंग: डबा दोन-तीन मिनिटं हलवायचा, वीतभर अंतरावरून, फवारा बंपरच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात इतका हलका की खालचं दिसत राहावं. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा. तीन-चार हातांत रंग झाकतो. एकाच हातात झाकायला गेलात तर ओघळ येतो. मास्किंगची टेप थेट रंगाच्या हद्दीवर चिकटवू नका, कागदाची कड उलटी दुमडून सैल सोडा, म्हणजे धारदार पायरी उरत नाही. मोजून बघा, पाच तासांच्या कामात रंग हवेत उडतो तो सगळा मिळून वीस मिनिटं.

हवामानाचं एक सांगतो. आपल्याकडे या कामाचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात मुंबई-कोकणात डबा उघडूच नये. थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंग दुधाळ होतो. मे महिन्याच्या दुपारी उलटं: रंग पत्र्यापर्यंत पोचायच्या आत अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो.

आता जिथे मी कुणालाही थांबवीन ती जागा. गॅरेजात जो टिकाऊ क्लिअर मारतात तो टू-के, म्हणजे त्यात हार्डनर मिसळावा लागतो. ऊन, पेट्रोलचे थेंब, पक्ष्यांची घाण, सगळं तो सोसतो. साध्या डब्यातला वन-के क्लिअर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून घरी काम करणाऱ्याला टू-केचा मोह होतो, आणि आता तळाशी बटण दाबून हार्डनर सोडायचे टू-के डबेही मिळतात. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासातून गेला तर कायमचा दमा मागे लागू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही धाप लागते. ओढणी बांधून, सर्जिकल मास्क लावून किंवा एन-९५ घालून ते अडत नाही. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. हे काम बाहेरून स्वच्छ हवा पुरवणाऱ्या मुखवट्यासह, हवा खेचणाऱ्या बूथमध्ये करायचं असतं. तुमच्या पार्किंगमध्ये मुलं सायकल खेळतात. शिवाय थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते, आणि तिथेच सोसायटीच्या पंपाचं बटण असतं.

तेव्हा बोनेट, टप, दार, म्हणजे जिथे ऊन थेट पडतं आणि नजर थेट जाते, ते गॅरेजचं. गंजाचा फुगा गॅरेजचा, कारण तो पत्रा कापून नवा जोडावा लागतो. मेटॅलिकचं फवारायचं काम सगळं गॅरेजचं. आणि गाडी आधी कुणी, कशाने रंगवली ते माहीत नसेल तर घरी हात लावण्याआधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थिनरचा बोळा मिनिटभर धरा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर वर स्वस्तातला जुना रंग आहे. त्यावर कडक थिनरचा नवा रंग मारला की खालचा फुगून सुरकुततो. गावाकडे जीप-ट्रॉलीला फाटकाचा ऑइल पेंट मारायची पद्धत आहे, तिथे हे हमखास घडतं.

गॅरेज म्हटलं की काळजी संपली, असंही नाही. मी ज्या माणसाकडे जातो त्याच्या शेडला धड रंगही नाही. पण पुट्टी घासून झाली की तो पत्र्यावर काळ्या रंगाची नुसती धूळ उडवतो आणि ठोकळ्यावर पेपर गुंडाळून पुन्हा घासतो. उंचवट्यावरचा काळा निघून जातो, खड्ड्यातला राहतो. मग तो मान दुसरीकडे वळवून, रस्त्यावरची वर्दळ बघत, पत्र्यावरून हात फिरवतो. मी एकदा विचारलं, "बघत का नाही?" तर म्हणाला, "साहेब, डोळा मधे आला की हात खोटं बोलतो." रंग मारण्याआधी तो जमीन पाण्याने भिजवतो, धूळ बसावी म्हणून. हे बघितल्यावर मी त्याला भाव विचारायचा सोडला नाही, पण घासाघीस सोडली.

असा माणूस कसा ओळखायचा? काम चालू असताना जा, तयार गाडी बघायला नको. रंगवायच्या दाराचं हँडल, रबर, आरसा काढलेत की नुसती टेप चिकटवलीय ते बघा. टेपच्या कडेने सहा महिन्यांत रंग सुटायला लागतो. क्लिअर आणि हार्डनरचे डबे दाखवायला सांगा, चांगला माणूस कौतुकाने दाखवतो. मेटॅलिक असेल तर आधी कार्डावर रंग मारून गाडीशेजारी उन्हात धरायला लावा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. एक दार रंगवायचं तर शेजारच्या पत्र्यावर रंग विरवत न्यावा लागतो. तो त्याचे पैसे मागेल. ते लुबाडणं नव्हे, नाहीतर दार परक्या गाडीचं दिसतं. पुट्टी भरण्याआधीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. खड्डा ठोकून वर काढायच्याऐवजी नुसता पुट्टीने भरला असेल तर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक तिथे धरत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला बूथ असतो, बिल असतं आणि इन्शुरन्सची सोय असते. हात कुणाचा लागेल ते मात्र तुम्ही ठरवत नाही.

इन्शुरन्सचा हिशेब घाईत चुकतो. झिरो डेप्रिसिएशन घेतलेलं नसेल तर रंगाच्या मालाच्या किमतीवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि बिलात माल-मजुरी एकत्र असेल तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम माल धरतात. वर अनिवार्य कपातीची रक्कम तुमच्याच खिशातून. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, जो पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि चढत चढत ५० पर्यंत पोचतो. एका दाराच्या ओरखड्यासाठी ५० टक्क्यांचा बोनस घालवणारे लोक मी पाहिलेत. पुढच्या प्रीमियमचा कागद समोर ठेवून वजाबाकी करा, पुष्कळदा खिशातून देणंच स्वस्त पडतं.

पूर्ण गाडी रंगवायची असेल तर दोन गोष्टी. गाडी विकायची म्हणून रंगवत असाल, तर नको. सेकंडहँडवाला हल्ली रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतो. सव्वाशेच्या जागी तीनशे दिसलं की तो अपघाताचाच संशय घेतो आणि तुम्ही घातलेले पैसे भावात दिसत नाहीत. आणि रंग बदलत असाल तर आधी आरटीओ, मग पेंटर. आरसी बुकात रंगाची नोंद असते, ती बदलून घ्यावी लागते आणि इन्शुरन्स कंपनीलाही कळवावं लागतं. तोच रंग पुन्हा मारताना यातलं काही नाही. ऑलिव्ह ग्रीनच्या वाटेला मात्र जाऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमाप्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे, मग तुमची जीप कितीही जुनी लष्करी असो.

घर आणि गॅरेज यांतला एक मधला मार्ग मला फार उशिरा सापडला. गाडीवरचे बिल्ले, हँडल, दिवे, रबर हे घरी काढा, धुवा, पिशवीत नावं घालून ठेवा, आणि मोकळा पत्रा गॅरेजात न्या. पत्रा घासायला मात्र पेंटरला आधी विचारा. बहुतेकांना दुसऱ्याने घासलेला पत्रा चालत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण पुढे रंग उडाला तर दोष कुणाचा?

गाडी घरी आली की पहिला महिना तिला वॅक्स लावू नका, कव्हर घालू नका. क्लिअर वरून कडक झाला तरी आतून थिनर निघत असतो. पक्ष्याने घाण केली तर सुकू न देता ओल्या कापडाने उचला, खरवडू नका. आणि गॅरेजातून निघताना उरलेला रंग बाटलीभर मागून घ्या, हार्डनर न मिसळलेला. बाटलीवर कोड आणि तारीख लिहा, झाकण घट्ट लावा. माझ्या बाटलीवर 'सिल्व्हर, बोनेट' असं लिहिलंय आणि बाजूला रबरबँडने एक तासलेली आगकाडी बांधून ठेवलीय.